गुंठे पाडून विकायचे की गाव नीट आखायचं? शहर आमच्या शिवारापर्यंत आलंय

शिवारातली

नमस्कार. धागा लांबणार आहे, पण प्रश्न आमच्या घरातला आहे आणि इथे नगररचनेतली, सोसायट्यांमधली, बाहेरगावी स्थायिक झालेली बरीच मंडळी आहेत, म्हणून मांडते.

आमचं गाव हवेली तालुक्यात, पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यापासून चार किलोमीटर आत. मुठा उजव्या कालव्याचं पाणी. ऊस, थोडी फुलं, माळवं. भावकीची मिळून २२ एकर सलग जमीन आहे, सात-बारावर ११ नावं. दिवाळीपासून एक एजंट चकरा मारतोय. म्हणतो, गुंठे पाडू, पंधरा फुटी मुरमाचा रस्ता टाकू, तारेचं कंपाउंड करू, वर्षाच्या आत सगळं विकून देतो. धाकटे चुलते तयार आहेत. मी त्यांना दोष देत नाही. ऊसतोडीला माणूस मिळत नाही, शेजारी वस्ती झाल्यापासून विहिरीवरची मोटर दोनदा चोरीला गेली, आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी कोण देतं, हे इथल्या गावाकडच्या सगळ्यांना माहीत आहे.

पण बांधापलीकडची सहा एकर चार वर्षांपूर्वी अशीच गेली, आणि ती मी रोज बघते. तिथला रस्ता आमच्या बांधाला येऊन थांबतो, कारण आखणाऱ्याची जमीन तिथेच संपत होती. टँकरला वळायला जागा नाही, तो अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये बाहेर पडतो. ओढा अर्धा भरावाखाली गेला, गेल्या पावसाळ्यात तीन घरांत कमरेएवढं पाणी होतं. सांडपाणी उरलेल्या ओढ्यात. दीडशे घरं, आणि अंगणवाडीला एक खोली बांधायची तर जागा नाही. राहायला आलेली माणसं मात्र चांगली आहेत. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, हडपसरला आणि एमआयडीसीत कामाला जाणारी. सगळी बचत त्या एका गुंठ्यात घातलीय. कामाच्या जवळ घर परवडलं असतं तर ती इथवर आलीच नसती.

वडील ७१ वर्षांचे आहेत. विकायला त्यांचा विरोध नाही. ते एजंटाला एवढंच विचारतात, "ओढ्याचं पाणी कुठनं जाणार ते आधी सांग, मग सह्या." त्याला अजून उत्तर देता आलेलं नाही.

आता सुमारे १७० किलोमीटरच्या नव्या रिंग रोडची चर्चा आहे, त्यामुळे एजंट दर महिन्याला वाढणार आहेत. शहर येणारच असेल तर ते नीट यावं म्हणून जमीनमालकांनी आणि ग्रामपंचायतीनं मिळून काय करायचं असतं? "शेती वाचवा" एवढंच सांगून थांबू नका, आणि "प्रगती होतेय" असंही नको. भावकीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

जुना_नकाशा

ताई, नगररचना खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला काढा, म्हणजे जमीन कुठल्या विभागात आहे ते कळेल. जमीन शेती विभागात असेल तर एजंट म्हणतोय तसल्या रेखांकनाला मंजुरी मिळत नाही. मंजुरीशिवाय विकलेल्या तुकड्याचं ओझं शेवटी घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांचं स्वतंत्र खरेदीखत वर्षानुवर्षं होत नव्हतं, म्हणून अकरा गुंठे दहा जणांच्या नावे सामाईक घ्यायचे आणि आपापसात वाटून घर बांधायचं, हा धंदा पुणे जिल्ह्यात फोफावला. सात-बारावर दहा अनोळखी माणसांची नावं एकत्र. त्यातलं एक वारलं की वारस शोधत फिरा.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्यावर घर बसतं. गटार, मैदान, शाळा, फायर ब्रिगेडची गाडी जाईल असा रस्ता, यातलं काही कुणाच्याच वाट्याला लावलेलं नसतं. मंजूर रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, रस्ते किमान नऊ मीटर लागतात, म्हणून एजंटाला मंजुरी नको असते. २००१ चा गुंठेवारी कायदा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्या नियमित करण्यासाठी आला. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे ओढली. मी अशा कितीतरी फायली हाताळल्या. कागद नियमित झाला, गल्ली पंधरा फुटीच राहिली.

यावरचा उपाय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली नगररचना योजना, बोलीभाषेत टीपी स्कीम. शिवाजीनगर, पर्वती भागातल्या जुन्या मिळकतींच्या कागदावर "अंतिम भूखंड क्रमांक" लिहिलेला असतो, सांताक्रूझ-पार्ल्याकडे पत्त्यातच "टीपीएस" असतं. तो सगळा भाग एके काळी शेतं होती. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, बागा, शाळांची जागा, ओढे आखायचे, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड करून त्याच मालकांना परत द्यायची. आज हे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्यात आहे. मालकाकडे ढोबळमानाने निम्मी जमीन राहते, पण तिला रुंद रस्ता, पाणी, ड्रेनेज आणि बांधकामाचा हक्क लागून येतो. कुणी बेघर होत नाही, आणि एकाच्या जमिनीवर पूर्ण रस्ता, दुसऱ्याला फुकटचा फायदा, असंही होत नाही.

अहमदाबादनं ही पद्धत कधी सोडली नाही. तिथल्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीच जमीन अशा योजनांमधून मिळाली. आपण मात्र आराखड्यात आरक्षणं टाकत गेलो आणि संपादनाला पैसे नाहीत म्हणत राहिलो. याची मला आजही खंत आहे.

तुमची २२ एकर म्हणजे नऊ हेक्टरही भरत नाही. एकात्मिक नगर वसाहतीला, म्हणजे एकाच आखणीतल्या अख्ख्या टाउनशिपला, किमान ४० हेक्टर (१०० एकर) सलग जमीन लागते. तेव्हा आजूबाजूच्या भावक्या जोडल्याशिवाय कुठलाही चांगला मार्ग उघडणार नाही.

धायरीकर

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिंहगड रस्त्यावर. सोसायटीत ४०० फ्लॅट. माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरा, घरटी चार माणसं, म्हणजे रोज २ लाख १६ हजार लिटर. दहा हजार लिटरचे २२ टँकर. दररोज. नळाचं पाणी येतं ते यातून वजा करा, पण उन्हाळ्यात वजा करायला फारसं काही उरत नाही.

२०१७ मध्ये ११ गावं आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. हद्दीचं क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं, मुंबईपेक्षाही जास्त. शुद्ध पाण्याच्या नळजोडण्या त्या वेगानं आल्या नाहीत. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सिंहगड रस्त्यावरचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी याच पट्ट्यात एकवटले होते. खडकवासला धरण इथून दिसतं म्हणायला हरकत नाही, आणि आम्ही पाणी उकळून, गाळून, तरी धास्तावून पीत होतो. माझ्या शेजारची मुलगी तेव्हा तीन आठवडे दवाखान्यात होती.

ताई, जमीन कुणालाही द्या, आधी पाण्याचं लेखी घ्या. कुठल्या वाहिनीतून, किती, कधीपासून.

अंतिमभूखंड

काकांचं सगळं खरं आहे, पण दुसरी बाजू ऐका. आमची तीन एकर अशाच एका योजनेत आहे. गावाचं नाव लिहीत नाही.

योजना करण्याचा इरादा जाहीर झाला त्या दिवसापासून जमीन गोठली. विकता येईना, तारण ठेवून कर्ज मिळेना, द्राक्षबाग नव्यानं लावावी की नाही कळेना. सहा वर्षं झाली. लवादासमोर दोन सुनावण्या झाल्या, मग तो अधिकारी बदलून गेला. नकाशावर आमचा भूखंड मूळ जागेपासून बराच लांब दाखवलाय. तीन एकरवाला निम्म्यावर तगेल. माझ्या शेजाऱ्याची आठ गुंठे आहेत, त्याला चार गुंठे परत. तो विचारतो, मी कुणाच्या बागेसाठी दिली?

नाशिकला मखमलाबादच्या शेतकऱ्यांनी अशाच योजनेला विरोध केला तेव्हा लोक म्हणाले, यांना विकास नको. विकास नको असलेला शेतकरी मी पाहिलेला नाही. तारखेवर कुणाचा विश्वास नाही, एवढंच.

तरी मी "करू नका" असं म्हणणार नाही. दोन गोष्टी धरून बसा. बाकी काही होवो न होवो, रस्ते आधी झाले पाहिजेत. आणि लहान खातेदाराला किमान घर बसेल एवढा भूखंड. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींना ३० दिवस असतात. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना ते एकतिसाव्या दिवशी कळलं.

जुना_नकाशा

@अंतिमभूखंड, तुमचं म्हणणं मान्य. कायद्यात प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, ती पाळली जात नाही आणि पाळली नाही म्हणून कुणाला काही होत नाही. खात्यात असताना मी हे बोललो होतो, इथेही बोलतो. आणि आठ गुंठेवाल्याचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. काही ठिकाणी लहान खातेदारांच्या वाट्यातून कमी कपात करून मोठ्यांच्या वाट्यातून थोडी जास्त घेतली जाते. तेवढं करायला भावकीत मन मोठं लागतं.

शिवारातली

काका, दादा, दोघांचेही आभार. दादांची पोस्ट वडिलांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आठ गुंठेवाल्याला बैठकीत पहिल्या रांगेत बसवायचं."

हडपसरच्या मगरपट्टा वसाहतीचं उदाहरण आमच्याकडे सारखं निघतं, कारण ते इथून जवळ आहे आणि वडील तिथल्या काही जणांना ओळखतात. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकारानं कंपनी काढली, आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. जमीन बिल्डरला न विकता स्वतःच मालक राहिले. मुलांनी विटा-वाळू पुरवण्यापासून लँडस्केपिंगपर्यंत ठेके घेतले. आयटी कंपन्या आतच, घरंही आत, त्यामुळे चालत कामावर जाता येतं.

हे आम्हाला जमेल का? तिथली बरीच कुटुंबं एकाच भावकीतली होती. आमच्याकडे बांधावरून दोन पिढ्या बोलत नसलेली घरं आहेत. आणि माझ्या मनात आणखी एक सलतं. शेजारच्या सहा एकरात राहणारा लातूरचा माणूस मगरपट्ट्यात फ्लॅट घेऊ शकला नसता. आमच्या आखणीत त्याच्यासाठी घर नसेल तर तो आणखी दहा किलोमीटर पुढे कुणाच्या तरी उसात गुंठा घेईल.

वऱ्हाडी_वाट

ताई, आमच्या नागपुरात हे सगळं होऊन गेलेलं आहे. "५७२ ले-आउट" आणि "१९०० ले-आउट" हे शब्द इथल्या कुणालाही विचारा. हे अनधिकृत ले-आउटचे आकडे आहेत, गुंठेवारीत नियमित करायला घेतलेले. आमचं घर त्यातल्याच एकात. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा मी चौथीत होतो. डिमांड भरली, नियमित झाल्याचं आरएल लेटर मिळालं, सगळं झालं, पण सांडपाण्याची गडर लाइन टाकायला आली तोवर माझा मुलगा चौथीत गेला होता. पावसाळ्यात आई चपला हातात घेऊन बसस्टॉपपर्यंत जायची. स्वस्त प्लॉटची किंमत अशी हप्त्याहप्त्यानं भरावी लागते, आणि घरातल्या बायांनाच जास्त भरावी लागते.

पश्चिमकिनारा

पोर्टलंडहून लिहितेय, १४ वर्षं इथे आहे, माहेर सासवडचं. त्यामुळे हा धागा मनाला लागला.

ओरेगॉन राज्यानं १९७३ मध्ये कायदा केला की प्रत्येक शहरानं आपल्या वाढीची सीमा आखायची. पोर्टलंड परिसराची रेषा १९७९ मध्ये ठरली. पुढच्या २० वर्षांना पुरेल एवढी जमीन आत, बाकी शेती आणि जंगल. ठराविक वर्षांनी हिशेब करून ती थोडी सरकवता येते. मी गाडीनं पश्चिमेला निघते तेव्हा एका ठिकाणी घरं संपतात आणि थेट हेझलनटच्या बागा सुरू होतात. सासवडला जाताना दिवे घाटापर्यंत घरं कुठे संपतात तेच आता कळत नाही.

पण रेषेनं सगळं सुटलं असं मात्र नाही. आत घरं पुरेशी बांधू दिली नाहीत तर किमती वाढतात, आणि तसं झालं. बरीचशी निवासी जमीन फक्त स्वतंत्र बंगलीसाठी राखीव होती. २०१९ मध्ये राज्यानं नवा कायदा करून मोठ्या शहरांत अशा भूखंडांवर दोन ते चार घरांना मुभा दिली. रेषा आखल्यानंतर ४० वर्षांनी! शिवाय कोलंबिया नदी ओलांडली की दुसरं राज्य, वेगळे नियम. कामाला पोर्टलंडला येणारी पुष्कळ माणसं तिकडे राहायला गेली. एका तालुक्यानं एकट्यानं शिस्त लावली तर एजंट पुढच्या तालुक्यात जाईल, हे तुमच्याकडेही होणार.

कोथरूड_तिसरा_मजला

माफ करा, पण मला वेगळी भीती वाटते. पोर्टलंडसारखं "शहराच्या आत वाढवा" म्हणजे आमच्याच डोक्यावर वाढवणार. आमची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली, ११ मजले होणार. समोरची गेली, शेजारची गेली. गल्ली तीच नऊ मीटर, ड्रेनेजचा पाइप १९८० च्या दशकातला. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरपर्यंत चारपर्यंत एफएसआय म्हणे, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम. झाडं चालली, ऊन चाललं. टेकड्या तेवढ्या राहिल्यात, त्यांवरही डोळा. वाढ रोखायची तर ती सगळीकडेच का रोखत नाही?

शिवारातली

काकू, तुमचं दुःख समजतं, कारण आमचंही तेच आहे, पाइप आधी की घरं आधी. पण तुमच्या गल्लीत नको म्हटलेलं घर कुठेतरी होतंच. ते आमच्या उसात होतं. तिथला माणूस मग दोन बस बदलून तुमच्या भागात कामाला येतो किंवा दुचाकी घेतो, आणि ती दुचाकी तुमच्याच गल्लीत लागते.

कोथरूड_तिसरा_मजला

@शिवारातली, असा विचार मी केला नव्हता. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई मांजरीच्या पुढून येतात. सकाळी साडेपाचला निघतात. माझा विरोध घरांना नाही हे नीट लिहायला हवं होतं. पुनर्विकासाचा प्रीमियम घेतात तो त्याच भागातल्या ड्रेनेजवर आणि फुटपाथवर खर्च झालेला दिसला पाहिजे. आणि चार एफएसआयमध्ये सगळे तीन-चार बेडरूमचे फ्लॅट आणि प्रत्येकी दोन पार्किंग होणार असतील, तर मेट्रोला लागून बांधण्याचा उपयोग काय? त्या ताईंना तिथे घर मिळालं तर मी दोन मजले जास्त सहन करीन.

जुना_नकाशा

@कोथरूड, हे हरकतीत लिहून द्या, अगदी याच शब्दांत. लहान घरांचं प्रमाण बांधून द्यायला नियमात जागा करता येते, मागणारं कोणी नसतं. मेट्रो ६ मार्च २०२२ पासून धावतेय, पण स्टेशनपर्यंत पोचवणारी छोटी बस आणि सलग फुटपाथ नसेल तर पाचशे मीटर लांबच वाटतात. पुण्यात २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी (बससाठी स्वतंत्र मार्गिका) आली आणि तिचं काय झालं ते आपण पाहिलं. बस हा शहर आखण्याचा भाग आहे, हे आमच्या खात्यातही फार कमी लोक मानत.

मांडवीकाठ

गोव्यातून. इथे २००६ च्या अखेरीस "प्रादेशिक आराखडा २०११" या नावाच्या सरकारी आराखड्याविरुद्ध गावोगाव सभा झाल्या, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. त्याहून मोलाचं पुढचं काम. नव्या आराखड्यासाठी नकाशे पंचायतींकडे आले, लोकांनी आपली शेतं, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), झरी, डोंगर त्यावर दाखवले. माझे मामा तेव्हा कागद घेऊन सगळ्या वाड्यांवर फिरले. नंतर कायद्यात दुरुस्त्या करून एकेक जमिनीचा झोन बदलायची दारं उघडली, त्याविरुद्ध भांडण अजून चालू आहे. पण गावाचा स्वतःचा नकाशा असला की भांडायला पाय टेकायला जागा असते. तुमच्या गावाचा असा नकाशा आहे?

शिवारातली

@मांडवीकाठ, नव्हता. आता होतोय.

बैठक परवा झाली. चार तास चालली, दोनदा मोडली. शेवटी ठरलं ते असं. एजंटाला सहा महिने नाही म्हणायचं. धाकट्या चुलत्यांना मुलीच्या लग्नासाठी पैसे लागणार आहेत, ते बाकीच्यांनी मिळून उसने द्यायचे, म्हणजे त्यांच्यावर घाईनं विकायची वेळ येणार नाही. (हा मुद्दा माझ्या आईचा. पुरुषांच्या चर्चेत तीन तास तो आलाच नव्हता.) लगतच्या तीन भावक्यांशी बोलायचं. त्यातल्या दोन तयार आहेत, मिळून ६० एकरांच्या पुढे जातो. वसाहतीला लागणारे १०० एकर अजून लांब आहेत. तिसरं घर आमच्याशी बोलत नाही, तिकडे वडील स्वतः जाणार आहेत.

रविवारी दहा जण ओढ्याच्या काठानं उगमापासून नदीपर्यंत चाललो. गाव नकाशाची झेरॉक्स घेऊन ओढा, पाणंद रस्ते, विहिरी, मोठी झाडं त्यावर लाल पेनानं काढली. भरावाखाली गेलेला भाग म्हाताऱ्यांनी काठीनं दाखवला. सहा एकरातले लातूरचे भाऊही आले होते. ते म्हणाले, त्यांच्या गल्लीतली पाच घरं ओढ्यासाठी कंपाउंड मागे घ्यायला तयार आहेत, फक्त पाणी परत घरात येणार नाही एवढं बघा.

ग्रामसभेत ठराव मांडतोय: गावात टीपी योजनेचा विचार व्हावा, २० गुंठ्यांच्या आतल्या खातेदाराला किमान भूखंडाची हमी असावी, ओढ्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहाव्यात, लहान घरांसाठी जागा असावी. काका, मसुदा टाकला तर तपासून द्याल का?

जुना_नकाशा

नक्की. आजच टाका. ठरावात गट नंबर लिहा, नुसतं "ओढ्यालगत" लिहू नका. आणि भूमी अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज करताना जुना टिपण-उतारा मागून घ्या, ओढ्याची मूळ रुंदी त्यात सापडते. भरावाखालची रुंदी काठीनं दाखवलेली चालणार नाही, पण टिपणात असेल तर चालेल.

शिवारातली

उद्या सकाळी तालुक्याला जातेय. वडीलही येतो म्हणालेत.